विहीणबाईंचं बोट

नातीच्या तोंडाला वास येत होता. चार वर्षांच्या मुलांच्या तोंडाला सकाळी शिळ्या दुधाचा वास येतो, तो नव्हे. पानठेल्याच्या मागच्या भिंतीला येतो तसला. तिने गळ्यात हात टाकून माझा पापा घेतला आणि मी, तिची सख्खी नानी, तोंड फिरवलं.

दिवाळीच्या सुट्टीत लेक तिला पवनीहून लाखनीला माझ्याकडे घेऊन आली होती. लेक पवनीतल्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. दिवसभर नात तिच्या सासूजवळ, म्हणजे माझ्या विहीणबाईंजवळ असते. दोन दिवस राहून लेक परत गेली आणि नातीला आठवडाभर ठेवून गेली. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. कामं आधी कागदावर उतरवायची आणि मग एकेक हातावेगळं करायचं, ही माझी पद्धत. नात यायच्या आधीच छोटा ब्रश, मुलांची पेस्ट, बेसिनपर्यंत हात पोचेल असं स्टूल आणि खाली टांगलेला टॉवेल, सगळं तयार होतं. त्या आठवड्याच्या कामांत दात घासणं मी सगळ्यात सोपं धरलं होतं.

लेक गेली त्या सकाळी नातीला स्टुलावर उभं केलं, आ करायला लावलं आणि आत पाहिलं.

वरचे पुढचे चार दात म्हणजे चार तपकिरी खुंट. हिरड्यांच्या कडेने डांबरासारखी रेघ. खालच्या उजव्या दाढेत खड्डा, खड्ड्यात आदल्या दिवशीच्या भाताचं शीत फुगून बसलेलं, आणि दाढेच्या बुडाशी हिरडीवर पिवळ्या तोंडाची पुळी. मी गाल जरासा बाजूला ओढला तर पुळीतून पू आला आणि माझ्या नखाला लागला. हात साबणाने धुतला, पुन्हा धुतला, तरी नखाचा वास जाईना.

हिच्या आईला मी वाढवलं तेव्हा पहिला दात दिसायच्या आधीपासून तिच्या हिरड्या ओल्या सुती फडक्याने पुसत होते. दात आले तसा मऊ ब्रश आला. तीन वर्षांची होईपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. तोंडात बाटली ठेवून कधी झोपवलं नाही. यात विद्वत्ता लागत नाही, रोज दोन वेळा चार मिनिटं लागतात. त्या लेकीने आपल्या मुलीच्या तोंडाचं हे काय करून ठेवलं होतं?

मी ब्रशवर पेस्ट घेतली तर नातीने तोंड घट्ट मिटलं.

"नानी, बरश नको. बोटानं लाव."

"काय लावू?"

"काळं. डबीतलं. आजी लावते ना, मंग दुखत नाई."

"कोणती डबी, बाळा?"

"आजीची. कमरेतली." असं म्हणून तिने आपलं इवलंसं पहिलं बोट तोंडात घातलं आणि हिरडीवरून गोल गोल फिरवून दाखवलं. सराईत बाईसारखं. शेवटी मान वाकडी करून बेसिनमध्ये पिंक टाकायची नक्कलही केली.

गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा काळा, चिकट लगदा. आमच्याकडे कितीतरी बायका उठल्याबरोबर तो बोटावर घेतात आणि दातांना, हिरड्यांना चोळत बसतात. दात साफ होतात हे सांगायला, खरं तर डोकं हलकं होतं म्हणून. एकदा सवय लागली की चहाआधी, जेवणानंतर, दुपारी, भांडण झालं की, भांडण मिटलं की. बोट काळं, ओठांच्या कडा काळ्या, पदराचं टोक काळं. विहीणबाई घासतात हे मला लग्न जुळवतानाच दिसलं होतं. त्या बोटाने वाढलेली भाजी मी ताटात तशीच ठेवली होती. पण ते बोट माझ्या नातीच्या तोंडात जात असेल, हे मनातही आलं नव्हतं.

लेकीला फोन लावला.

"तुझी सासू पोरीला गुडाखू लावते. तुला माहीत आहे?"

पलीकडे शिक्का मारल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, मी डुटीवर आहे."

"मी विचारलं काय?"

"एकदोनदा लावलं असंन. दाढ दुखली का लय रडते ते. अन् दुधाचेच तं दात आहेत, पडनारच आहेत."

"तंबाखू आहे तो! चार वर्षांच्या पोरीच्या तोंडात!"

"मंग मी काय करू, आई? नोकरी सोडू? तिच्यापाशी दुसरं कोन आहे?" आणि ग्राहक आल्याचं सांगून तिने फोन ठेवला.

मला विहीणबाईंपेक्षा लेकीची जास्त किळस आली. विहीणबाईंना कळत नव्हतं असं म्हणता येईल. हिला कळत होतं, आणि कळत असून हिने तिकडे पाठ केली होती, कारण पाठ केली की सकाळी वेळेवर बस मिळते.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन भंडाऱ्याला गेले. दातांच्या दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर कळलं की या जिल्ह्यात तोंड नावाचा अवयव आपण कशासाठी वापरतो. शेजारच्या माणसाच्या गालात खर्रा होता, सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला. दात दाखवायला आलेला माणूस, आत नाव पुकारेपर्यंत चघळत होता. नाव पुकारल्यावर उठला, दारातल्या कुंडीत थुंकला, हाताच्या पालथ्या बाजूने ओठ पुसले आणि आत गेला. कुंडीतल्या मनीप्लांटची पानं त्या लाल थराने चकाकत होती. मी नातीला उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. नातीने तिला जेमतेम एकदा आत पाहू दिलं.

"काकू, गोळीसारखं काही चोखते का ही? दुधाची बाटली?"

"बाटली होती, तीन वर्षं. साखरेच्या दुधाची." आणि मग मी गुडाखूचं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं नाही. मला त्याचीच लाज वाटली.

"बरेच जण लावतात. दाढ बधिर होते, मूल गप्प बसतं. आतलं सडणं चालूच राहतं," ती म्हणाली. "आणि तंबाखूची सवय लागते ती वेगळी. ही मागते का?"

"मागते."

"मग आजच्या आज बंद. पुढचे दात लवकर पडतील, त्यांचं फार नाही. पण ही दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत राहायला हवी. खालची पक्की दाढ हिच्याच जागेवर येणार आहे. ही आत्ता काढली तर शेजारची सरकेल, जागा जाईल, मग सगळं वाकडं. आधी सूज उतरवू. मग आतली घाण काढू, भरू, वरून टोपी बसवू. पण हिने तोंड उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर नागपूरला नेऊन भूल द्यावी लागेल, नाहीतर काढून टाकावी लागेल."

म्हणजे प्रश्न सरळ होता. दाढ वाचवायची, आणि गुडाखू तोडायचा. दोन्ही कामांची वाट पवनीच्या घरातूनच जात होती.

सुट्टी संपली तशी औषधांची पिशवी आणि नात घेऊन मी पवनीला गेले. विहीणबाई अंगणातल्या ओट्यावर बसल्या होत्या, तोंडात बोट. मला पाहून त्यांनी दुसऱ्या हाताने "बसा" अशी खूण केली. ओट्याखाली राख घातलेलं डालड्याचं जुनं डबडं होतं. त्यांनी मान वाकवून त्यात एक लांब, तार सुटलेली पिंक टाकली, तार बोटाने तोडली, बोट लुगड्याला पुसलं आणि त्याच हाताने नातीच्या गालावरून हात फिरवला.

"आली माही मैना! नानीच्या घरी वाळली वो पोरगी."

"विहीणबाई, तिच्या दाढेत पू झाला आहे," मी म्हणाले. चहा घेतल्यावर बोलायचं ठरवलं होतं, पण चहा त्या हातचा होता. "डॉक्टरांना दाखवलं. तिला गुडाखू लावायचा नाही. एकदाही नाही."

"कोन सांगतलं लावते म्हून?"

"तिनेच सांगितलं."

"मंग खरंच सांगतलं." त्या जराही ओशाळल्या नाहीत. "अवो इहीनबाई, लेकरू गाल धरून लोळे. तुमची पोरगी म्हने, सासूबाई, मले सकाळी जाचं आहे, तुमीच पाहा. मी पाह्यलं. बोटाच्या टोकावर लावलं का दहा मिनिटांत पोरगी गप. माह्या सासूनं माह्या पोराले बी असंच लावलं. मेला का तो?"

पोरगा, म्हणजे माझा जावई, नेमका तेव्हाच मोटारसायकल लावून आत आला. गालात खर्रा. "कवा आल्या, मामी?" असं म्हणताना त्याने हनुवटी वर उचलली, कारण तोंड भरलेलं होतं. खालच्या ओठावर लाल थेंब आला तो त्याने परत आत ओढून घेतला. मी त्याच्या आईकडे पाहिलं. तिने आपलं उदाहरण समोर उभं केलं होतं आणि ते तिला पुरेसं वाटत होतं.

"दुधाचे दात तं पडतेच ना, मामी," जावई म्हणाला. "काहून येवढं टेन्शन घेऊन राहिल्या?"

मी विहीणबाईंच्या शेजारी ठेवलेली डबी वर्तमानपत्राच्या तुकड्यात धरली आणि अंगणाच्या कडेच्या नालीत टाकून दिली. काळ्या पाण्यात ती बुडेना, झाकण वर करून तरंगत राहिली. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कमरेच्या चंचीतून दुसरी डबी काढली आणि शांतपणे बोटावर घेतलं.

"माह्या घरी येऊन माही डबी फेकता," त्या म्हणाल्या. "बरं केलं. आता पोरीले बी घेऊन जा. मी नाई सांभाळत. माहं बोट घाण, माहं घर घाण."

नात दोघींच्या मधे उभी राहून रडायला लागली. आतून लेक बाहेर आली, तिने नातीला उचललं आणि माझ्या कानाजवळ येऊन दात आवळून बोलली, "आई, तू एक दिवस येशीन, बोलून चालली जाशीन. मले इथंच राहाचं आहे. पोरगी तुह्याकडं ठेवशीन का रोज? तू बी तं नोकरीवर जाते."

मी चहा न घेता परतीची बस धरली. खिडकीच्या गजावर कुणाची तरी वाळलेली पिंक होती. वाटेतलं अड्याळ गाव येईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसले.

विहीणबाईंनी एक मात्र केलं. पोरगी सांभाळणं सोडलं नाही. पण तिच्या तोंडाला त्या हात लावेनात. औषध लेकीने पाजायचं, दात लेकीने घासायचे. लेक फोनवर सांगायची की पोरगी ब्रश चावते, पेस्ट थुंकते, आजीच्या कमरेकडे बोट दाखवून हात आपटते. सूज तेवढी उतरली.

ठरलेल्या दिवशी लेकीने अर्धी रजा काढली, मी लाखनीहून गेले आणि आम्ही दोघी तिला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात खुर्चीपाशी पोचलो. आधी मी मांडीवर घेतलं. तिने डॉक्टरीणबाईंच्या हातमोज्याला चावा घेतला. मग लेकीने घेतलं. तिने लेकीच्या पोटात लाथा मारल्या, भोकाड पसरलं, आणि नाकातलं, डोळ्यांतलं, तोंडातलं सगळं एकत्र लेकीच्या ड्रेसवर आणि माझ्या बाहीवर पुसलं. लेकीने चॉकलेटचं आमिष दाखवलं. दातांच्या दवाखान्यात, चॉकलेटचं! मी ते तिच्या हातातून काढून पर्समध्ये टाकलं.

"जबरदस्तीने नाही होणार," डॉक्टरीणबाई मोजा बदलत म्हणाली. "घरी ही कोणासमोर तोंड उघडते?"

लेकीने मान खाली घातली. नातीनेच हुंदक्यांत सांगितलं. "आजीनं बोट घातलं का उघडतो मी."

मी तिच्या ओठांवरून रुमाल फिरवला. पण नागपूरची भूल नको असेल तर दुसरा मार्ग नव्हता, आणि मार्ग एकच असला की मी त्यावर फार वेळ थांबत नाही. दवाखान्याच्या पायरीवरून विहीणबाईंना फोन लावला.

"कायले लावला फोन?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला भंडाऱ्याला यावं लागेल. पोरगी तुमच्याशिवाय तोंड उघडत नाही."

"माहं बोट तं घाण आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. "धुऊन घेऊ."

मग त्या हसल्या की खोकल्या, ते कळलं नाही. "आता पोचणार नाई मी. डॉक्टरीनले विचारा, परवा चालते का."

परवा चाललं. त्या जावयाच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या, नवीन लुगडं, केसांना तेल. जावई त्यांना सोडून कामावर निघून गेला; लेक आणि नात बसने आधीच पोचल्या होत्या. दवाखान्याच्या बेसिनजवळ मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. पहिलं बोट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं होतं, पेरांच्या रेघा शाईने काढल्यासारख्या आणि नखाखाली काळा चंद्र. मी पर्समध्ये साबण आणि नखांचा ब्रश घेऊन आले होते. साबण लावला, घासलं, नळ सोडला. बेसिनमध्ये विहिरीच्या गाळासारखं पाणी उतरलं. पुन्हा साबण. माझ्या स्वतःच्या बोटांना तो वास लागत होता आणि मी तोंडाने श्वास घेत होते.

"गंज घासून राहिल्या का काय, इहीनबाई? चामडी ठेवा थोडी."

"नख पुढे करा."

"अशी तं माह्या सासूनं बी नाई धुतली मले."

त्या खुर्चीत बसल्या, नात त्यांच्या मांडीवर. विहीणबाईंनी धुतलेलं बोट नुसतं ओठाला लावलं आणि नातीचं तोंड आपोआप उघडलं. पक्ष्याच्या पिलासारखं, पूर्ण. मला ते बघवलं नाही, पण बघितलं. डॉक्टरीणबाईने आधी गोड मलम लावून हिरडी बधिर केली, मग सुई दिली. नातीचे डोळे मोठे झाले, पण बोट गालाच्या आत होतं तोवर तिने तोंड मिटलं नाही. "आजी, बोट तिथेच धरा, गाल बाहेर ओढून," डॉक्टरीणबाई म्हणत होती आणि विहीणबाई धरत होत्या. मशीन सुरू झालं, दाढेचं वरचं छत उघडलं.

आणि वास सुटला. मेलेला उंदीर कपाटामागे सापडतो तेव्हाचा वास. पांढरट, हिरवट काहीतरी कापसावर निघालं, पुन्हा निघालं. मी रुमाल नाकाला लावला. दारात उभी असलेली लेक बाहेर निघून गेली. विहीणबाईंचा एक हात नातीच्या तोंडात अडकलेला होता. त्यांनी दुसऱ्या हाताने पदर ओढून नाकावर धरला.

"छी छी छी! काय वो हे?"

"दाढेच्या आतलं, आजी," डॉक्टरीणबाई कापूस त्यांच्यासमोर धरून म्हणाली. "वरून लावल्याने हे जात नाही. हे खालपर्यंत उतरत होतं."

"माह्या मैनेच्या तोंडात होतं हे?"

"किती महिने होतं कोण जाणे."

विहीणबाई कापसाकडे पाहत राहिल्या. ज्या बाईच्या ओट्याखालच्या डबड्याकडे पाहून मला चहा नकोसा झाला होता, त्या बाईला माझ्या डोळ्यांदेखत उमासा आला. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. एवढी किळस तुमच्याजवळ होती तर ती इतके दिवस होती कुठे? मी बोलले नाही, कारण बोट अजून तोंडात होतं आणि काम अर्धंच झालं होतं.

"नाई लावत आता पोरीले," त्या पदराआडून म्हणाल्या. मला नाही, डॉक्टरीणबाईला. "आईशपथ नाई लावत. पन मले नका सांगू सोडा म्हून. माहं आता मसनातच सुटंन."

दाढेत औषध भरून झालं. टोपी पुढच्या खेपेला बसणार होती. डॉक्टरीणबाईने बोटावर चढवायचा रबरी ब्रश दिला, बाळांसाठी असतो तो, आणि सांगितलं की सध्या हिचे दात आजींनीच घासायचे, याने, सकाळी आणि झोपताना. विहीणबाईंनी तो बोटावर चढवून पाहिला आणि टोपी घातलेल्या माणसाकडे पाहावं तसं बोटाकडे पाहिलं. खेपांच्या तारखा मी मोबाईलमध्ये टाकल्या आणि लेकीला सांगितलं की दर खेपेला मी लाखनीहून येईन, पण पवनीहून आणायचं काम तिचं, रजा मिळो न मिळो. तिने हो म्हटलं. यावेळी ग्राहक आला नाही.

बसस्टँडवर पवनीची बस लागायची होती. लेक चौकशीला गेली. विहीणबाई बाकावर चुळबुळ करत होत्या, पाय हलवत होत्या, जांभया देत होत्या. सकाळपासून घासलं नव्हतं. शेवटी त्या उठल्या.

"जरा येतो," म्हणाल्या आणि नातीला माझ्याजवळ देऊन स्टँडच्या मागच्या भिंतीकडे गेल्या. भिंत कमरेच्या उंचीपर्यंत लाल-काळी होती, जिल्हाभरच्या तोंडांनी रंगवलेली. त्या तिथे उभ्या राहिल्या, चंचीत हात घातला.

"आजी कुठं गेली?" नातीने विचारलं. बधिर गालामुळे तिच्या ओठातून लाळ गळत होती. मी पुसली.

"तोंड धुवायला."

ती मान वळवून पाहू लागली. मी उठले आणि भिंत दिसणार नाही अशी तिच्यासमोर उभी राहिले. पाठीमागे थुंकल्याचा आवाज आला. नातीने डावीकडून डोकावायचा प्रयत्न केला, मी डावीकडे सरकले. उजवीकडून डोकावली, मी उजवीकडे. तिला तो खेळ वाटला आणि ती वाकड्या तोंडाने हसायला लागली.

विहीणबाई परत आल्या त्या पदराने ओठ टिपत, चेहऱ्यावर तरतरी आलेली. नातीने दोन्ही हात त्यांच्याकडे पसरले. त्यांनी घ्यायला हात पुढे केला, पहिलं बोट पुन्हा काळं. मी मधे उभी होते, तशीच राहिले. नळाकडे मान करून साबण त्यांच्यापुढे धरला.

"तुमी तं मले धुऊनच मारान," त्या म्हणाल्या. पण साबण घेतला आणि नळाकडे गेल्या.